सदऱ्याखाली

यादोरावांनी सदरा खाली ओढला, कमरेवरून एकदा तळवा फिरवला आणि मगच बसची पायरी चढले. सदरा मुद्दाम एक माप मोठा होता. त्याच्याखाली, उजव्या कमरेला, चामड्याच्या म्यानात बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर होतं. तुमसरच्या बसस्टँडवर चहा पिणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या, पोराटोरांना सांभाळत उभ्या असलेल्या एवढ्या माणसांत एकालाही ते दिसत नव्हतं. दिसत होते ते नातीच्या नामकरणाला निघालेले, मिशांना तेल लावलेले एक आजोबा.

मागून मालनबाई चढली. तिच्या डोक्यावर चिन्नोर तांदळाची चुंगडी होती.

"वारासिवनीले चिन्नोर नेऊन राहिली," यादोराव कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणाले. "चिन्नोराच्या गावाले चिन्नोर."

"तो त्यायचा हाय. हा माह्या बांधीतला हाय," मालनबाई चुंगडी उतरवत म्हणाली. "आन तुमी काय नेऊन राहिले, ते सांगू का यायले?"

यादोराव मिशीत हसले आणि तिला खिडकीजवळची जागा दिली. बायकोला असं बोलायला आवडतं आणि आपल्याला ऐकायला, एवढं त्यांना इतक्या वर्षांत कळलं होतं. बस हलली. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या दोन्ही बाजूंनी मागे पळू लागल्या. तणसाचे ढीग उन्हात सोन्यासारखे उभे होते आणि आंबागडचा डोंगर, ज्याच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं, पाठीमागे निळा निळा होत गेला.

पलटणीतून सुटून आल्यावर यादोराव तुमसरला भैय्याजी सेठांच्या सोन्याचांदीच्या दुकानात गनमॅन म्हणून लागले होते. दुकानाच्या दारात ते उभे राहत, उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात खोचून. बायका मंगळसूत्र घडवायला आल्या की आधी त्यांना नमस्कार करत. आंबागडच्या बुद्धविहाराजवळ राहणारा, ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी केली असा माणूस सोन्याच्या दारात राखणीला उभा होता, आणि त्याच्या भरवशावर सेठ निवांत जेवायला घरी जात होता. ह्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो ते झाकत नव्हते.

हत्याराचा परवाना आधी फक्त महाराष्ट्रापुरता होता. मग धाकटी लेक प्रतिक्षा नदीपल्याडच्या राज्यात, वारासिवनीला दिली, आणि पंचाईत झाली. दोघं नवराबायको लेकीकडे निघाले की घराला कुलूप. कुलूपबंद, बेवारशी घरात हत्यार सोडून जाणं कायद्याला मंजूर नाही. बरोबर न्यावं तर परवाना नदीकाठी संपतो.

"लेकरासारखंच झालं बाई हे," मालनबाई तेव्हा म्हणाली होती. "घरी एकटं ठेवता येत नाई, आन संगं नेता येत नाई."

यादोरावांनी भंडाऱ्याला कलेक्टर कचेरीत चकरा मारल्या. चपला झिजवल्या म्हणण्यापेक्षा त्यांनी तिथल्या बाबूंना झिजवलं. शेवटी परवान्यावर हद्दीच्या जागी 'अखिल भारत' असा शिक्का पडला, त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. लोकांना वाटलं, पोरीकडची काही गोड बातमी आहे.

तरीही लेकीच्या घरी त्यांनी एकही रात्र काढली नव्हती. प्रतिक्षाची सासू देवकाबाई पहिल्याच भेटीत सरळ बोलली होती, "समधीजी, दिन में आओ, बैठो, रोटी खाओ. पर रात को ये चीज मेरे छप्पर के नीचे नहीं." यादोरावांना राग आला नाही. घर तिचं, छप्पर तिचं. रात्रीपुरतं ते ठाण्यात जमा करता आलं असतं, पण हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना जमत नव्हतं. दर वेळी मालनबाई मुक्कामाला राहायची आणि ते संध्याकाळच्या बसने कमरेचं लेकरू घेऊन परत यायचे.

मात्र मागच्या दिवाळीपासून सदऱ्याखाली आणखी एक गोष्ट झाकावी लागत होती. उजवा हात हलायचा. नुसता मांडीवर असला की काही नाही. काही धरायला उचलला की बोटांतून पिंपळपानासारखी सळसळ सुरू व्हायची. पहिल्यांदा थंडीवर ढकललं. थंडी गेली, हात हलायचा राहिला नाही. तेव्हापासून अंगठा पट्ट्यात जरा जास्तच घट्ट बसायला लागला. लोक म्हणायचे, गनमॅनचा रुबाब वाढला. येत्या होळीनंतर परवान्याचं नूतनीकरण होतं. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरसमोर हात टेबलावर दाबून ठेवायचा, हे यादोरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. एकदा शिक्का पडला की पुढची काही वर्षं निघाली. परवाना गेला तर दुकानाचं दार गेलं, आणि दार गेलं तर आपण कोणत्या उंबऱ्यावर, कशासाठी उभं राहायचं? पण तशी वेळ येणार नाही, याची त्यांना खात्री होती. आजवर कोणाला कळलं नव्हतं. घरातसुद्धा.

मालनबाई खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात काहीतरी गुणगुणत होती. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून बाया म्हणतात तसल्या चालीचं.

*नदीच्या पल्याड, दिवा लेकीचा दिसते*
*वारा नाई, पानी नाई, मंग काहून हालते*

यादोरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती बाहेर पाहत होती.

बावनथडीचा पूल ओलांडला आणि बस थांबली. पलीकडच्या राज्याचे पोलीस रस्त्याकडेला जीप लावून गाड्या तपासत होते. एक शिपाई वर चढला. त्याने हात लावायच्या आधीच यादोराव उठून उभे राहिले.

"मेरे पास लाइसेंसी हथियार है, साहब. कमर में. कागज जेब में."

अख्खी बस वळून बघू लागली. मघाशी शेजारी बसून मुरमुरे खाणारा माणूस हळूच एक बाक मागे सरकला. यादोराव ताठ मानेने खाली उतरले. कायदा त्यांना पाठ होता. मिरवायचं नाही, लपवून पळायचं नाही, विचारलं तर आधी सांगायचं. अस्सल परवाना हवा, झेरॉक्स चालत नाही.

जीपजवळ एक तरुण फौजदार बाई उभी होती. तिने परवाना उलटसुलट पाहिला, फोटो पाहिला, मिशा पाहिल्या.

"फौज में थे, बाबाजी?"

"जी."

"कागज एकदम सही है. बस, गोली निकालकर यहाँ बोनट पर रख दीजिए, नंबर मिला लेती हूँ."

पूर्वी हे काम डोळे मिटून व्हायचं. नळी जमिनीकडे, अंगठ्याने कळ दाबायची, नळी खाली मोडते, चकरी उघडी पडते, गोळ्या तळव्यात येतात. यादोरावांनी म्यानातून रिव्हॉल्वर काढलं, नळी जमिनीकडे धरली आणि हात उचलताच सळसळ सुरू झाली. त्यांनी मनगट आवळलं. सळसळ कोपरापर्यंत चढली. अंगठा कळीवरून घसरला. फौजदार बाई अजून परवान्यातला नंबर वाचत होती. ती मान वर करील, आणि तिला दिसेल. एकदा कागदावर कोणी काही लिहिलं की ते भंडाऱ्याला पोचायला वेळ लागत नाही.

"आयकलं का जी," मागून आवाज आला.

मालनबाई चुंगडी घेऊन बसमधून उतरली होती. तिने ती धपकन बोनटवर टाकली, यादोरावांच्या अगदी उजव्या अंगाला.

"धरा हे जरासक. पोट्टे पाय देऊन राहिले तांदळावर."

"अम्मा, पीछे रहिए," शिपाई म्हणाला. फौजदार बाई हसली. "अरे, बोनट गरम है. चावल यहीं पक जाएगा."

"पका तो तुम भी खाओ, बेटा. चिन्नोर है," मालनबाई म्हणाली आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.

चुंगडी कलू नये म्हणून यादोरावांनी कोपर तिच्यावर टेकवलं. कोपर तांदळात रुतलं. हलत्या पाळण्याला कोणी हात लावावा तसा हात थांबला. अंगठा कळीवर बसला, नळी मोडली, सहाही गोळ्या एकामागून एक बोनटवर आल्या आणि टकटक उभ्या राहिल्या. बाईने नंबर ताडून पाहिला, परवाना दोन्ही हातांनी परत दिला.

"सँभलकर ले जाइए, बाबाजी."

बस सुटली. मुरमुरेवाला पुन्हा पुढच्या बाकावर आला आणि आता अदबीने मुरमुरे विचारू लागला. यादोरावांचं लक्ष नव्हतं. ते आपल्या सदऱ्याच्या बटणांकडे बघत होते. काजं शिवून मुकी केली होती. वर शोभेपुरती बटणं आणि आतून नुसती दाबायची टिचबटणं. कधी बदलली होती ही? हिवाळ्यापासून चहा अर्ध्या पेल्याच्या वर भरलेला नसायचा. त्यांनी एकदा कुरकुर केली तर मालनबाई म्हणाली होती, दूध महाग झालं. दाढी न्हाव्याकडेच करा, घरात केस पडतात, असंही तिचं तेव्हापासूनच सुरू झालं होतं. आणि चुंगडी तिने डाव्या बाजूला टाकली नव्हती.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"काय कवापासून?"

"मालन."

तिने पदराने खिडकीच्या काचेवरची धूळ पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"दिवाळीच्या आदीपासून. तुमाले कळाच्या आदी."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी झाकून राहिले होते," ती म्हणाली. "मंग मी बी झाकलं."

बस एका वळणावर कलली. चुंगडी घरंगळू नये म्हणून दोघांनी एकदमच पाय आडवे घातले.

"मले वाटलं, निभून जाईन," यादोराव म्हणाले.

"आज निभलं. पण हर जागी चुंगडी कुठून आनू जी मी?" तिचा आवाज थट्टेचाच होता. "आन कोनी खरंच दुकानात शिरलं आन तुमी ते काढलं, त नेम कोनावर लागंल? बाया उभ्या रायतेत तिथं, लेकरं घेऊन."

वारासिवनीच्या अलीकडे यादोरावांनी सदऱ्याच्या खिशातून परवाना काढला, 'अखिल भारत' वरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, "तू हो म्होरं. मी ठाण्यात जाऊन येतो."

मालनबाईने चुंगडी डोक्यावर घेतली आणि निघाली.

ठाण्यातल्या मुन्शीला अशी हत्यारं जमा करून घेण्याची सवय होती. यादोरावांनी उजवं कोपर लाकडी काउंटरवर टेकवलं, कोणी बघतंय का हे न पाहता, आणि रिव्हॉल्वर रिकामं करून समोर सरकवलं. गोळ्या वेगळ्या ठेवल्या. मुन्शीने पावती लिहायला घेतली.

"कल ले जाओगे?"

"नहीं."

"तो फिर कब?"

"पहले तुमसर में सेठ से बात करनी है," यादोराव म्हणाले. "जो बात है, वो बतानी है. फिर आता हूँ, कागज लेकर."

मुन्शीने खांदे उडवले आणि पावती फाडून दिली. रस्त्यावर आल्यावर कमर इतकी हलकी वाटली की एकदोन पावलं तिरकी पडली. सवयीने त्यांनी सदरा खाली ओढला.

घर माणसांनी भरलं होतं. अंगणात शेजारणी, पडवीत पाहुणे, आतून खिरीचा वास. देवकाबाईने दारातच त्यांना अडवलं, तशी ती दर वेळी अडवायची, आणि तिची नजर थेट कमरेवर गेली.

"ठाण्यात ठेवून आलो, समधीन."

देवकाबाईने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग आत वळून मोठ्याने म्हणाली, "बहू, तेरे बाबा का बिस्तर भी निकालना. रात रुक रहे हैं."

प्रतिक्षा लेकीला घेऊन बाहेर आली. पिवळ्या टोपड्यात मूठभर चेहरा, डोळे मिटलेले. "घ्या बाबा," ती म्हणाली, "मागच्या खेपेले बी तुमी घेतली नाई. बस सुटते म्हनाले."

पडवीतले सगळे बघू लागले. यादोरावांचा अंगठा पट्ट्याकडे गेला, थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. भिंतीला पाठ लावून ते चटईवर बसले, मांडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, दुकानाच्या दारातल्या आवाजात म्हणाले,

"मालन, कोपराखाली काहीतरी दे. हात हालते माहा."

प्रतिक्षा जागच्या जागी थांबली. मालनबाई मात्र उशी घेऊन आधीच वाकली होती.