तक्रार कुठे कराल

मी सूड घेतला, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मला गरीब बिचारी समजायला नको.

आमच्या नगर कार्यालयाचं एक चार पानी साप्ताहिक निघतं. कचऱ्याची गाडी कुठल्या गल्लीत कधी येणार, पाणी किती वाजता, वाचनालय कधी बंद, कुणाचं मांजर हरवलंय, कुठला दिवा गेलाय. दर शनिवारी ते घरोघरी टाकतात. चौदा वर्षं ते मी काढते. संपादक, मुद्रितशोधक, टायपिस्ट, सगळं मीच. बसते तळमजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारच्या एका खिडकीच्या खोलीत. हा कागद कुणी वाचत नाही असं सगळे म्हणतात, पण एकदा कचऱ्याचा वार चुकला तेव्हा एकवीस जणांनी येऊन मला फैलावर घेतलं होतं.

माझा थोरला भाऊ पाणी खात्यात चावीवाला. रस्त्यातल्या लोखंडी झाकणांखालचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. चावी म्हणजे छातीएवढा उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. सव्वीस वर्षं त्याने तो दांडा खांद्यावर वाहिला. जुन्या भागातला कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे नकाशात नाही, दादाच्या डोक्यात आहे. मी त्याच्या आणि वहिनीच्या घरी राहते. आमचं चांगलं चाललं होतं.

अंकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट असते, ‘तक्रार कुठे कराल’. नियमाप्रमाणे तिथे प्रत्येक खात्याच्या प्रमुखाचा फोन नंबर हवा. पण पाणी खात्यापुढे अकरा वर्षं दादाचा नंबर छापला जात होता. त्या खात्याच्या साहेबांनीच मला बोलावून सांगितलं होतं, “बाई, मला मीटिंगा असतात. त्याचा टाका, तो फोन उचलतो.” दादा खरंच उचलायचा. घास तोंडात असला तरी उचलायचा. साहेब मात्र शर्टाची घडी मोडेल म्हणून खुर्चीला पाठही टेकत नसत. त्यांना सगळे मागून इस्त्रीसाहेब म्हणायचे, आणि मीही तेच म्हणणार आहे.

तर झालं असं. शाळेमागच्या गल्लीत गटाराचं काम चालू असताना पाइपाला धक्का लागला आणि घाण पाणी नळात शिरलं. चाळीसेक माणसं आजारी पडली. आमच्या समोरच्या घरातली सहा वर्षांची मुलगी नऊ दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण गालफडं बसलेली घरी आली. ‘पाणी उकळून प्या’ ही साधी सूचना वेळेत निघाली असती तर यातलं काही झालं नसतं. मग ती का निघाली नाही, म्हणून लोक कार्यालयावर चालून आले. त्या शुक्रवारी माझ्याकडे पाणी खात्याच्या सहीशिक्क्याची बातमी आली: संबंधित भागाच्या चावीवाल्याने गढूळ पाण्याची माहिती वरिष्ठांना दिली नाही, त्याच्या हलगर्जीपणामुळे हा प्रकार घडला, त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. पहिल्या पानावर, ठळक.

मी छापली. वरून आलं ते छापायचं, हा माझ्या नोकरीचा नियम आहे.

दादाने चावी जमा केली आणि घरात बसला. नुसता बसला. खुर्ची खिडकीपासून लांब सरकवून, भिंतीकडे तोंड करून. समोरच्या मुलीची आई त्याला दारात पाहिलं की धाडकन दार लावायची. दुकानदार वहिनीला सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवायला लागला. दादा माझ्याशी बोलेनासा झाला. मला वाटलं, शरमेने असेल.

खरं काय ते मला तीन आठवड्यांनी कळलं. पाणी खात्यातला कारकून माझ्या खोलीत आला, दार लोटलं आणि म्हणाला, “ताई, मला राहवत नाही. पाणी घाण झालं त्या सोमवारी सकाळी साडेसातला दादा आले होते. माझ्यासमोर साहेबांना म्हणाले, पाणी सोडू नका, सोडायचंच असेल तर उकळून प्यायची सूचना काढा. साहेब म्हणाले, उद्या नव्या टाकीचं उद्घाटन आहे, आज कसली सूचना काढतोस, माझं तोंड काळं करायचंय का?”

“हे लिहून देता?”

“मला दोन पोरं आहेत, ताई.” असं म्हणून तो गेला. त्याचा मला राग आला नाही. राग एका जागी साठवायचा होता.

माझं रक्त असं उसळलं की हातातला कप मी खिडकीबाहेर रिकामा केला, चहासकट. मग शांत बसले आणि विचार केला, माझ्या हातात काय आहे? चार पानं आहेत.

चौकटीत दादाचा नंबर अजून तसाच छापला जात होता, तो काढायचा होताच. इस्त्रीसाहेबांना विचारलं, पाणी खात्यापुढे आता कुणाचा नंबर टाकू? मोबाइलमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, “कुणाचाही टाका हो, बाई.” मी त्यांचाच टाकला. घरचा आणि मोबाइलचा, दोन्ही. अक्षर मात्र जरा मोठं घेतलं, वयस्कर वाचकांची सोय म्हणून.

सोमवारी सकाळी आठपर्यंत त्यांना तेहतीस फोन गेले होते. पाणी बारीक येतं. पाणी वासाचं येतं. पाणी येतच नाही. आमच्या गल्लीत कधी सोडणार? शेजाऱ्यांकडे आधी का सोडता? एक आजोबा रोज सहा वाजता फोन करून नुसतं विचारायचे, “आलात का कामावर?” साहेब तावातावाने माझ्याकडे आले.

“हा काय चावटपणा आहे? काढा तो नंबर!”

“तुम्हीच म्हणालात, कुणाचाही टाका. आणि नियमात खातेप्रमुखाचाच लिहिलाय.” मी नियमांची वही उघडून पुढे केली. त्यांनी ती वाचलीही नाही.

ते वरच्या मजल्यावर नगराच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. तिथे त्यांचा चांगलाच पोपट झाला. बाईंकडे पहिल्यांदाच लोक अंकाचं कौतुक करत होते. त्या म्हणाल्या, “मग उचला ना फोन. त्यात काय एवढं?”

मला चेव आला. मी एक नवं सदर सुरू केलं. रहिवाशाचा प्रश्न आणि खातेप्रमुखाचं उत्तर, जसंच्या तसं. पहिल्या आठवड्यात छापलं: ‘शाळेमागच्या गल्लीतली गळती कधी दुरुस्त होणार? उत्तर: बघतो.’ दुसऱ्या आठवड्यात: ‘उत्तर: अजून बघतोय.’ तिसऱ्या आठवड्यात मी नुसता प्रश्न छापला आणि उत्तराची जागा कोरी ठेवली. लोकांनी त्या कोऱ्या जागेत स्वतःच्या हाताने उत्तरं लिहून अंक साहेबांच्या दाराला चिकटवले. ती उत्तरं मी इथे देत नाही. साहेबांचा शर्ट आता चुरगळलेला असायचा. भाजी घेताना लोक त्यांना गाठायचे, बायको फोनची वायर काढून ठेवायची. त्यांच्या नाकी नऊ आलेले पाहून मला बरं वाटायचं. अगदी मनापासून बरं वाटायचं.

पण दादा भिंतीकडेच तोंड करून बसलेला होता. साहेब कितीही पिडले गेले, तरी लोकांच्या लेखी त्या मुलीला आजारी पाडणारा दादाच होता. ते पुसायला मला एकच गोष्ट हवी होती, साहेबांच्या हातचा आणि सहीचा कबुलीजबाब.

ती संधी पाइपानेच दिली. एका बुधवारी सकाळी दहाला आमच्याच रस्त्याच्या तोंडाशी मोठी लाइन फुटली. पाणी पुरुषभर उंच उडायला लागलं. साहेब माणसं घेऊन आले, नवा चावीवाला चावी घेऊन आला, पण व्हॉल्व्ह कुठाय कुणाला माहीत? नकाशात तो जिथे दाखवलाय तिथे आता टपाल कार्यालयाची पायरी आहे. मी त्या दिवशी सर्दीने घरी होते. खिडकीतून सगळी मजा बघत होते.

पाऊण तासाने दार वाजलं. इस्त्रीसाहेब. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

“बाई, तुमच्या भावाला बोलवा. व्हॉल्व्ह कुठे आहे तेवढं सांगू दे.”

“तो हलगर्जी माणूस आहे. त्याचं ऐकून कसं चालेल?”

“अहो, पाणी घरात शिरतंय लोकांच्या!”

“शिरू दे.” हे मी म्हणाले. पाणी समोरच्या घराच्या उंबऱ्याला लागलं होतं, हे मला दिसत होतं, तरी म्हणाले. “आधी लिहायचं. सोमवारी सकाळी साडेसातला काय झालं ते.”

कुणी सांगितलं, कोण म्हणतं, पुरावा काय, सगळं म्हणून झालं. बाहेरून कुणीतरी “साहेब, अहो साहेब” असं ओरडत होतं. मी पॅड आणि पेन टेबलावर ठेवलं. शेवटी ते खुर्चीत बसले, पाठ टेकून बसले, आणि लिहायला लागले. मी शब्द सांगितले नाहीत. त्यांचे त्यांनीच लिहिले: ‘गढूळ पाण्याची माहिती चावीवाल्याने मला वेळेत दिली होती. टाकीच्या उद्घाटनामुळे सूचना मी थांबवली. दोष माझा आहे.’

सही झाली आणि बाहेरचा पाण्याचा आवाज थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी आतल्या खोलीत डोकावले. दादाची खुर्ची रिकामी होती, मागचं दार उघडं होतं. आमची घासाघीस चालू असताना तो घरातल्या चपला घालून मागच्या बोळातून गेला होता. त्याने कुणाला काही न विचारता नव्या माणसाच्या हातातली चावी घेतली, सायकलच्या दुकानासमोरची एक फरशी उचलायला लावली आणि लाइन बंद केली.

साहेबांनी कागदाकडे हात नेला. पण कागद तोवर माझ्या ब्लाउजमध्ये गेला होता.

शनिवारी तो पहिल्या पानावर आला, ठळक, साहेबांच्या सहीच्या छायाचित्रासकट. सोमवारी साहेबांना घरी बसवलं. मंगळवारी दादाला कामावर बोलावणं आलं. समोरच्या मुलीची आई मुलीचा हात धरून आमच्या दारात आली. उंबऱ्यातच घुटमळली. शेवटी म्हणाली, “दादा, उद्या पाणी किती वाजता?” दादा म्हणाला, “सव्वासहाला.” ती रडायला लागली. वहिनी पण. मी तर काय, आभाळात होते.

त्या दुपारी मी आणि दादा जेवायला बसलो. वहिनी बाहेर गेली होती. शेजारी मी मुद्दाम तो अंक ठेवला होता. दादाने तो उचलला, वाचला, खाली ठेवला.

“चांगलं छापलंस,” तो म्हणाला. कित्येक आठवड्यांनी तो माझ्याशी बोलत होता.

“मग! सोडते की काय मी त्याला?”

“त्या शुक्रवारी तू जेवायला घरी आली होतीस.”

“मी रोजच येते.”

“माझी बातमी तुझ्याकडे तेव्हा आली होती की नंतर?”

मी हातातला घास परत ताटात ठेवला. “सकाळी आली होती.”

“अशीच समोर बसली होतीस. मी तुला वाढलं. तू पाणी मागितलंस, मी दिलं.” त्याचा आवाज चढला नव्हता. “विचारलं का नाहीस?”

“दादा, वरून आलं ते छापायचं असतं. मी काय…”

“साहेब पण तेच म्हणत होता. कार्यक्रम वरून ठरलाय.”

मला खोटं बोलता आलं असतं. घाई होती, डोक्यात आलं नाही, असं काहीही. पण दोन महिने मी दुसऱ्याकडून खरं ओकून घ्यायला निघाले होते.

“मला वाटलं,” मी म्हणाले, “असेल झालं तुझ्याकडून.”

दादाने मान हलवली. त्याला हे माहीत होतं, तो भिंतीकडे तोंड करून इतके दिवस हेच घेऊन बसला होता, आणि मी मूर्ख त्याला शरम समजत होते. तो उठला, हात धुतले, सकाळीच परत मिळालेली चावी कोपऱ्यातून खांद्यावर घेतली आणि पाणी सोडायला गेला.

पुढच्या शनिवारी पहिल्या पानावर, त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरात माझ्या सहीने आलं: ‘चावीवाल्याला दोषी ठरवणारी बातमी या अंकात मी छापली. तो माझा सख्खा भाऊ आहे. बातमी हातात असताना मी त्याच्यासमोर बसून जेवले आणि त्याला एका शब्दाने विचारलं नाही, कारण मला ती खरी वाटली.’ अध्यक्षीणबाई म्हणाल्या, घरच्या गोष्टी कशाला चव्हाट्यावर आणता? मी म्हटलं, पहिली मीच आणली होती.

दुपारी घरी आले. अंक टेबलावर उघडा पडलेला होता. दादा जेवायला बसला होता. मी त्याच्यासमोर बसले.

“वाचलंस?” मी विचारलं.

“वाचलं,” तो म्हणाला. आणि आपलं ताट उचलून आत स्वयंपाकघरात जाऊन जेवला.