वाळवीची रेघ

कागद खाणाऱ्या किड्याचं कौतुक कागदावरच छापायचं, हे डोकं फक्त मामाचं. वाळवीवर संशोधन करणाऱ्यांसाठी तो एक त्रैमासिक चालवायचा. संपादक तो, आणि बाकीचं सगळं भाचीच्या गळ्यात: पाकिटं भरणं, तिकिटं चिकटवणं आणि दर परिषदेत टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात अंक कोंबणं. तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे, म्हणून मामा तिला फटाकडी म्हणे. अंकाची तारीफ ती अशी करी की ऐकणारा गार व्हावा. स्वतः मात्र तिने एकही अंक वाचलेला नव्हता.

यंदा पाणी गळ्याशी आलं होतं. मामाचा हात फार कापायला लागला होता, आणि प्रकाशकाने सरळ सांगून टाकलं होतं: या परिषदेत नवा संपादक मिळाला तर ठीक, नाहीतर त्रैमासिक बंद. मामाची सगळी भिस्त एका लाल चष्म्याच्या संशोधिकेवर होती. सकाळी त्याने तिला गळ घातली, तर ती म्हणाली, "सर, मला वेळ कुठे आहे?" तरी दुपारी टेबलाशी डोकावते, एवढं कबूल करून गेली.

टेबल मिळालं होतं स्वच्छतागृहाच्या दाराशी. समोरच्या मोठ्या प्रकाशनाकडे फुकट कॉफी, फुकट पिशव्या आणि ही झुंबड. फटाकडीही काही कमी नव्हती. तिने हौसेने नवी पेनं करून आणली होती, त्यावर सोनेरी अक्षरात त्रैमासिकाचं नाव. शिवाय मामाने काचेच्या पसरट ताटलीत कागद अंथरून जिवंत वाळवी आणली होती. कागदावर रेघ ओढली की किडे त्या रेघेवरून चालतात म्हणे. भाचीला आजवर तिकिटं चिकटवण्यातून ते बघायला सवड झाली नव्हती.

लाल चष्मा आला. मामाने सोनेरी पेन उचललं, रेघ ओढली. किडे दाही दिशांना पांगले. मामाने दुसरी रेघ ओढली. तिच्याकडेही कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"येते सर. माझं सत्र आहे," संशोधिका घड्याळ बघत म्हणाली.

मामाने पेन डोळ्यांजवळ धरलं. "अगं, हे पेन कसलं?"

"जेल पेन आहे मामा. चांगल्यातलं."

"जेल? अगं माझे बाई, यांना साध्या बॉलपेनची शाई लागते!"

फटाकडीच्या पायाखालची जमीन सरकली. मामाच्या आयुष्यभराच्या कामावर तिच्या हौसेने पाणी फिरवलं होतं. तिने कपाळाला हात लावला, तो तिथून वर अंबाड्याकडे गेला. अंबाड्यात टोपण चावलेलं, कळकट बॉलपेन खोचलेलं होतं.

मामाने ते घेतलं. हात थरथरत होता, त्यामुळे रेघ कसली, नुसती वेडीवाकडी वळणं. एक किडा आला, थबकला, रेघ चाचपून चालू लागला. मग दुसरा. मग रांगच लागली. मामाचा हात जिथे जिथे कापला होता, तिथे तिथे रांग वळत होती, एकही वळण न चुकवता.

"आई गं!" फटाकडीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण या चमत्कारावर तिकिटं चिकटवत होतो! "मामा, दिसतं का रे त्यांना?"

"आंधळे असतात गं. पुढे गेलेला मागच्यासाठी वास ठेवून जातो, त्या वासावर चालायचं. या शाईला नेमका तसलाच वास येतो."

कॉफीवाली गर्दी केव्हा इकडे सरकली ते कळलंच नाही. लाल चष्मा तर ताटलीवर वाकलेला. "ऐकून होते सर. पण माझ्याकडे वाळवी येते ती बाटलीतली, मेलेली."

तेवढ्यात मामाच्या बोटांतून पेन निसटलं. रेघ कागदाच्या मध्यावरच संपली. रांग तिथवर आली आणि अडली. मागचे पुढच्यांवर आदळत होते, सगळे जागच्या जागी चाचपडत होते.

मामा मनगट चोळत म्हणाला, "एवढंच होतं आता माझ्याच्यानं."

 

संशोधिकेने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. पेन उचललं आणि मामाची रेघ जिथे तुटली होती, बरोबर तिथे टोक टेकवलं.

"सर, पुढचा अंक छपाईला कधी जातो?" तिने मान वर न करता विचारलं आणि रेघ पुढे ओढली.

रांग हलली.