सरकार नसलेलं शहर

"कोण गेलं?" सरकारने जिन्याच्या तळातूनच विचारलं. वर धाकटी किंचाळली होती, आणि त्या घरात किंचाळण्याचा मान आजवर फक्त सरकारचा होता.

"शहर गेलं, आई!"

"कुणाचं शहर?"

"माझं!"

सरकारने सोललेल्या वाटाण्यांचं भांडं बाजूला सारलं आणि गुडघ्यांना शिव्या मोजत जिना चढायला घेतला. 'सरकार' हे नाव तिला नवऱ्याने ठेवलं होतं, थट्टेने. नवरा गेला, थट्टा गेली, नाव राहिलं. शाळा तिने जेमतेम अक्षरओळखीपुरती पाहिली होती, पण घरात कुठला दिवा कधी मालवायचा, कुणाची सोयरीक कुठे जुळवायची आणि कुठल्या नातेवाइकाला चहा न विचारता उंबऱ्यावरूनच वाटेला लावायचं, हे सगळं तीच ठरवायची. आणि बरोबर ठरवायची, असं तिचं मत होतं. दुसऱ्या कुणाचं मत विचारायची वेळ कधी आली नव्हती.

धाकटी म्हणजे तिचं शेंडेफळ. मोठ्या दोघी लग्न करून आपापल्या घरी भांडत होत्या. ही मात्र दोन वर्षं वरच्या खोलीत दार लावून एक खेळ बनवत होती. कंप्युटरवरचा. त्यात तीन शहरं होती. एक डोंगरावर, एक समुद्रकाठी, एक नदीच्या वळणावर. लोक आपापल्या घरी बसून त्या शहरांत राहायचे, एका शहराचा माल गाडीवर घालून दुसऱ्या शहरात विकायचे. भाव ठरवणार लोक, गाड्या हाकणार लोक, भांडणार लोक आणि मिटवणारही लोकच. बनवणाऱ्या धाकटीने मध्ये बोट घालायचं नाही, हाच त्या खेळाचा कणा.

तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सरकारने डोळे बारीक केले होते. "म्हणजे तिथं सरकार नाही?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे."

"मग सकाळी उठतात तरी कधी मेले?"

आता खोलीत शिरून तिने पाहिलं तर धाकटी दोन्ही हात डोक्याला लावून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर बर्फ पडत होतं. दगडी घरांमधल्या गल्ल्यांत बोटाएवढी माणसं आडवी झाली होती. काही हलत होती, बरीचशी नाही.

"काय झालंय यांना? झोपलीत का?"

"उपाशी आहेत. हे डोंगरावरचं शहर. इथे धान्य पिकत नाही, नुसती लोकर होते. थंडीच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून होती नव्हती तेवढी लोकर एका गाडीवानाच्या गाड्यांवर चढवली. त्याने ती समुद्राकडे नेऊन विकायची आणि धान्य, मीठ घेऊन यायचं. तो आलाच नाही."

"वाटेत चोर भेटले असतील."

"चोर व्हायला अजून कुणी तयारच झालं नाही, आई. सगळे सज्जनासारखे व्यापार करत बसलेत. आम्हालाच कंटाळा यायला लागला होता." धाकटीचा आवाज चिरकला. "माणसं खेळ सोडून चाललीत. परवा आमच्या कचेरीतले मोठे लोक बघायला बसणार. खेळ सगळ्यांसाठी उघडायचा की गुंडाळायचा, ते ठरवणार. ओस पडलेलं शहर बघून काय ठरवतील?"

सरकारला त्या खेळातलं फार कळत नव्हतं, पण पोरीचा रडका चेहरा कळत होता. "मग त्या गाडीवानाला धरा. कोण आहे तो?"

"खरं नाव कुणालाच माहीत नाही. खेळात सगळे टोपणनाव घेतात. सगळं शहर त्याला मामा म्हणायचं. इतका विश्वास, की त्याचा माल कुणी मोजायचंसुद्धा नाही."

"आणि त्यानंच सगळ्यांना मामा बनवलं."

एरवी धाकटी हसली असती. "त्यात आता भांडण लागलंय वेगळंच. निघताना तो वेशीवर 'येतो' म्हणाला. सगळे 'या' म्हणाले. अर्धे म्हणतात, त्याने शब्द दिला होता, तो मोडला. अर्धे म्हणतात, 'येतो' हा काय शब्द झाला? निघताना माणूस 'येतो'च म्हणतो. 'जातो' कोण म्हणतं? चूक आपली, आपण चुकीच्या शब्दावर सगळं शहर टांगलं."

"कसली चूक?" सरकार कडाडली. "येतो म्हणजे येतो! या घरातून 'येतो' म्हणून गेलेला एक तरी पाहुणा आजवर परत यायचा राहिलाय का? मी देव पाण्यात घातले तरी येतात. आणि नुसतं येतो म्हणाला? दुसरं काही नाही?"

"कुणीतरी विचारलं होतं, मामा, लोकर नीट मोजून घेतली ना? तर म्हणाला, 'अंदाजे बरोबर.'"

सरकारने टेबलाची कड धरली.

अंदाजे बरोबर. हे दोन शब्द एकापुढे एक असे ठेवणारं माणूस तिने उभ्या आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि ते या क्षणी खालच्या मागच्या खोलीत बसलेलं होतं. "भाजीत मीठ नीट आहे का, भावजी?" अंदाजे बरोबर. "पाय दुखायचा थांबला का?" अंदाजे बरोबर. ती कितीदा अंगावर धावून गेली होती, "अहो, अंदाजे तरी म्हणा नाहीतर बरोबर तरी! दोन्ही कसं असेल?"

भावजी म्हणजे तिचा दीर. मालाचे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेला. लग्न केलं नाही, म्हणजे कुणी करून दिलं नाही. भाऊ वारला तेव्हा चार दिवस सोबतीला म्हणून आला आणि मागच्या खोलीत राहिला. 'दिराला मी सांभाळते' हे वाक्य सरकार पाहुण्यांसमोर त्याच्या देखतच बोलायची, आणि तो मान हलवायचा. घरात त्याचा आवाज नळाच्या आवाजाइतका. असला तर लक्षात यायचा नाही, बंद झाला तरच यायचा.

"तुझा काका हा खेळ खेळतो?" सरकारने विचारलं.

"मीच दिलाय त्यांना. माझ्या जुन्या लॅपटॉपवर. नदीकाठी घर घेऊन मासे धरत बसले असतील..." धाकटी बोलता बोलता थांबली. तिलाही ते दोन शब्द आता ऐकू आले. "आई, नाही. काका? शक्यच नाही."

सरकार जिना उतरली ती गुडघे विसरून.

तो खिडकीशी बसला होता, पुढ्यात जुनं मशीन मिटलेलं.

"भावजी, तो मामा तुम्ही?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हो."

सरकारने 'नाही'ची तयारी ठेवली होती. 'नाही' म्हणाला असता तर त्याला झापायला तिच्याकडे पुष्कळ होतं. 'हो'चं काय करायचं ते तिला सुचेना.

"लोकर कुठंय?" मागून धाकटीने विचारलं.

"जाळली."

"घाटात थंडी होती म्हणून? शेकायला?" धाकटीच्या स्वरात आर्जव होतं. काकाने फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही, बाळ. थंडी नंतर पडली. खिंडीच्या अलीकडे मोकळं माळरान आहे ना तुझं, तिथे गाड्या उभ्या केल्या आणि एकेक पेटवली. पहिली पेटवली तेव्हा वाटलं, कुणीतरी येऊन हात धरेल. मग आठवलं, तू हात धरणारं कुणी ठेवलेलंच नाहीस."

"पण का?" सरकारचा आवाज तिच्याच ओळखीचा नव्हता. "अहो, कुणी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. फार चांगली माणसं आहेत." त्याने मिटलेल्या मशीनवर हात ठेवला. "वहिनी, काट्यावर असताना सगळे म्हणायचे, याच्या हातून दाणा इकडचा तिकडे होणार नाही. निरोप दिला त्या दिवशी साहेबही तेच बोलले, हार घातला. पण काट्याची तार साहेबांच्या खोलीत गेलेली होती. आकडा आधी तिकडे उमटायचा, मग माझ्याकडे. माझ्या हातात होतं काय? मी चांगला होतो की नव्हतो, ते मलाच ठाऊक नाही. वाईट व्हायची सोयच नव्हती. इथे घरातही, चहात साखर किती ते तुम्ही ठरवता. तक्रार नाही. चहा चांगला असतो."

सरकार भिंतीला टेकली. या माणसाने एका दमात इतकी वाक्यं बोललेली तिने कधी ऐकली नव्हती.

"आणि त्या लोकांनी अख्खं शहर माझ्या गाड्यांवर चढवलं. मोजलंसुद्धा नाही. वाटेत एकदम मनात आलं, हे सगळं मी बिघडवू शकतो. मी! हात थरथरायला लागले, वहिनी." त्याने आपले हात समोर धरून पाहिले, जणू ते अजून थरथरत असतील. "भीतीने नाही. आनंदाने."

सरकारच्या मनात आलं, यापेक्षा चोरी केली असती तर बरं. चोरीत पोट असतं, हाव असते, ते कळतं तरी. हे कळायला तिच्याकडे जागाच नव्हती. इतकी वर्षं रोज ज्याला वाढलं, ज्याचा सदरा आपल्या कपड्यांत धुतला, तो माणूस कोण होता? आणि आजूबाजूला कळलं तर? सरकारचा दीर आगलाव्या!

ती धाकटीकडे वळली. "तुला मागं फिरवता येतं ना ते सगळं?"

"येतं."

"मग फिरव. लोकर होती तशी आण. माणसं उठव. कुणाला कळायला नको."

"एक बटण दाबलं की होईल, आई. पण उद्यापासून जो तो मलाच हाक मारेल. मग ते शहर त्यांचं राहणार नाही."

"राहूच नये! त्यांचं राहिलं की काय होतं ते बघितलंस ना? दाब!"

धाकटीने काकाकडे पाहिलं. दोन वर्षांचं काम तिच्या डोळ्यांत तरंगत होतं.

"नको दाबूस, बाळ," तो म्हणाला. "दाबलंस तर जळलंच नाही असं होईल. मग मी परत काट्यावर. वाईट केलंय, पण मी केलंय. एवढं राहू दे माझ्या नावावर."

"आणि तिकडे माणसं उपाशी मरतायत, त्यांचं काय?" सरकार उसळली. "माणसं खोटी असतील, पण त्यांच्यामागे बसलेली खरी आहेत ना? ती रडत असतील तर?"

"म्हणूनच जाणार आहे परत. एक गाडी शिल्लक आहे. रिकामी."

"रिकामी गाडी घेऊन? मारतील तुम्हाला!"

"मारतील."

"काका," धाकटी हळूच म्हणाली, "तिथे मारलं तर मामा संपला. ते नाव परत मिळत नाही, काहीच मिळत नाही. मी तसंच बनवलंय."

"चांगलं बनवलंयस. तुम्ही दोघी जरा बाहेर थांबता का?"

त्या थांबल्या. सरकार स्वतःच्या घरात, एका खोलीच्या दाराबाहेर, सांगितलं म्हणून थांबली. दार उघडलं तेव्हा भावजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, केसांवरून पाण्याचा हात फिरवून भांग पाडलेला.

'तिथं दिसणार आहे का कुणाला तुमचा शर्ट?' हे सरकारच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

त्याने मशीन उघडलं. धाकटी शेजारी बसली आणि तिने आपले दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले. सरकार मागे स्टुलावर बसली. पडद्यावर पांढरा उतार होता आणि त्यावरून एक गाडी चढत होती. तिची चाकं इतकी हळू फिरत होती की सरकारला उतरून ढकलावंसं वाटलं.

वेशीवरच्या एका माणसाने गाडी पाहिली. मग दुसऱ्याने. बातमी कशी फिरली देव जाणे, पण तटावर माणसं उगवायला लागली. रागावून खेळ सोडून गेलेली, समुद्रकाठची, नदीकडचीही. मागच्या वेशीतून कुणी पाठीवर धान्याची पोती घेऊन येत होतं, गल्लीतल्या पडलेल्यांना खाऊ घालत होतं. आडवी माणसं उठून तटाकडे धावत होती. धाकटीने श्वास रोखला.

"शहर भरलं," ती पुटपुटली. "एवढं कधीच भरलं नव्हतं."

दरवाजा मात्र बंद राहिला. तटावरून कुणीतरी लिहिलं, धाकटीने ते आईसाठी वाचलं, "मामा, आमची लोकर कुठंय?"

भावजीने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत उत्तर लिहिलं. सरकारने ते स्वतःच वाचलं, जमेल तसं, ओठ हलवत. जाळली. चोरांनी नाही. मी.

तट गप्प झाला. इतकी माणसं, आणि एकही अक्षर उमटेना. बर्फ तेवढं पडत होतं, गाडीवर, बैलांच्या पाठीवर, त्या बोटाएवढ्या माणसाच्या डोक्यावर.

खोलीत भावजीने खुर्ची मागे सरकवली आणि तो निकाल ऐकायला उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना सरळ, मान वर.

सरकार उठली आणि तिने पंखा बंद केला. ऐकू येण्यासारखं काही नव्हतं, तरीही.