उंदीरगडावर रोजचा हल्ला

चष्मेवाल्यांनी साठाव्या वर्षी साम्राज्य उभारायला घेतलं ते काही हौसेने नाही. त्या खेळाचं नुसतं नाव निघालं तरी एकेकाळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. फोनवरचा फुकटचा खेळ. लाकूड तोडा, भिंती बांधा, सैनिक तयार करा आणि शेजाऱ्याचा किल्ला लुटा. त्यांचा धाकटा मुलगा चार वर्षं त्यात गळ्यापर्यंत बुडाला होता. दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशीसुद्धा जेवताना त्याचा अंगठा फोनवर फिरत होता, आणि चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "राज्यच करायचं असेल तर बाहेर जाऊन कर. या घरात नाही." रागावलेला बाप शंभर गोष्टी बोलतो आणि घरातले त्यातल्या नव्व्याण्णव कानाआड करतात. धाकट्याने नेमकी ही धरून ठेवली. त्याने भिंतीतला चार्जर काढला, खिशात घातला आणि निघून गेला.

त्याला चौदा महिने झाले होते. फोन नंबर बंद. मित्रांनी कानांवर हात ठेवले. पोलिसांनी नाव लिहून घेतलं आणि वर समज दिली, की बावीस वर्षांचा मुलगा आपल्या पायांनी गेला तर त्याला हरवला म्हणत नाहीत. मोठी मुलगी इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात कामाला होती. कोणी बेवारस दाखल झालं की ती आधी वय विचारायची आणि मगच श्वास सोडायची.

अखेर तिलाच सुचलं. तिने तो खेळ आपल्या फोनवर घेतला आणि शोधायच्या चौकटीत, भावाला लहानपणी ज्या नावाने चिडवायची, ते टाकलं. उंदीर. चार-पाच उंदीर निघाले, त्यात एक होता उंदीरगड. पातळी बावीस. शेवटची हजेरी: दोन तासांपूर्वी. किल्ल्याच्या झेंड्यावर चष्मा काढलेला होता.

आईने ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "दोन तासांपूर्वी म्हणजे जेवला असेल." त्या दिवशी चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या घशाखाली धड दोन घास उतरले.

तेव्हापासून मोठी आपला फोन आईजवळ ठेवून जाऊ लागली आणि आईचा दिवस त्या फोनने उजाडू लागला. धाकटा खेळत असला की किल्ल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. ठिपका दिसला की तिच्या जिवात जीव यायचा आणि ती कामाला लागायची. नसला, तर शेवटच्या हजेरीचे तास मोजायची. आठ तास म्हणजे झोप. बारा तास म्हणजे कुठेतरी काम लागलं असेल. तिला एवढंच पुरत होतं, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं.

चष्मेवाल्यांना ते पुरत नव्हतं. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं: चूक माझी होती. एवढं त्याच्या कानावर घातलं की तो परत येवो न येवो, निदान आपण सुखाने झोपू असं त्यांना वाटत होतं. पण उंदीरगडाने अनोळखी लोकांचे निरोप बंद ठेवले होते. त्याच्या टोळीत शिरावं, तर टोळी भरलेली. खेळवाल्या कंपनीला त्यांनी आपली सगळी कहाणी लिहून पाठवली. दोन मिनिटांत उत्तर आलं. "प्रिय सेनापती, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. आपल्या साम्राज्याची अशीच भरभराट होवो." चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

मग त्यांना खेळाडूंच्या अभिप्रायांचं पान सापडलं. खेळ कसा वाटला ते लोक तिथे तारे देऊन लिहीत. धाकट्यानेही कधीतरी काही लिहिलं असेल, त्यात कुठे राहतो, काय करतो याचा एखादा शब्द असेल, या आशेने ते दुपारी आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे बसून वाचू लागले. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात आयुष्य गेलेला हा माणूस आता स्वतः डोळ्यांत तेल घालून असल्या गोष्टी वाचत होता:

"पहिले सात दिवस राजा, आठव्या दिवशी भिकारी. फुकट म्हणता आणि पावलोपावली खिसा कापता."

"सहा महिने बांधलेला किल्ला मी दाढी करेपर्यंत जळाला."

"बायको महिनाभर बहिणीकडे गेली तेव्हा कुठे दहावी पातळी गाठली. पाच तारे."

"खेळ भिकार आहे. माझ्याने सुटत नाही. कृपा करून तुम्हीच बंद करा."

प्रत्येकाच्या खाली सेनापतींची साम्राज्यं कंपनी त्याच उत्साहाने भरभराटीला पाठवत होती. हजारभर अभिप्राय वाचून झाले. या लोकांना शिव्या घालता घालता चष्मेवाल्यांना त्यांची कीव येऊ लागली, आणि मग हळूहळू त्यांचं म्हणणं पटायलाही लागलं. आपण धाकट्याला कधी विचारलंच नाही की त्या खेळात तुला काय मिळतं, हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. इथे लोक जीव तोडून सांगत होते.

आणि एके दिवशी त्यांना हवं ते सापडलं. एका खेळाडूने एक तारा देऊन लिहिलं होतं, "माझ्यामागे एक चिलट लागलंय. रोज पाच-दहा सैनिक पाठवतं. ते मरतात. पण प्रत्येक हल्ल्याचा अहवाल मला येतो आणि त्यात त्याच्या किल्ल्याचं नाव वाचावंच लागतं. नावात तो वाट्टेल ते लिहितो. निरोप बंद करता येतो, अहवाल बंद करता येत नाही. या माणसाने मला नको नको केलंय."

चष्मेवाले खुर्चीतून उठून उभे राहिले. किल्ल्याला हवं ते नाव द्यायचं आणि हल्ला करायचा. अहवाल पोचणार म्हणजे पोचणार. त्या बिचाऱ्याने गळा काढून सांगितलेलं दुखणं त्यांनी औषधाच्या चिठ्ठीसारखं उतरवून घेतलं. तो रडत होता एवढंच तेवढं त्यांनी वाचलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको सरळ नको म्हणाली. तो आहे तिथे असू द्या, दिसतोय ना, त्याला डिवचू नका. चष्मेवाल्यांनी समजूत घातली की आपण काय खरोखरची लढाई करतोय थोडीच, एक वाक्य तर पोचवायचं. ती गप्प बसली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने किती वेळा मूग गिळले याचा हिशेब चष्मेवाल्यांकडे नव्हता.

किल्ला बांधायला तीन आठवडे लागले. मग तो उंदीरगडाच्या शेजारी हलवला. नाव चौदा अक्षरांत बसवावं लागे आणि आठवड्यातून एकदाच बदलता येई. पहिलं नाव त्यांनी ठेवलं, "बाबा चुकला". सकाळी नऊ वाजता दुकानाचं शटर वर केलं, उंदीरगडापुढे हिरवा ठिपका बघितला आणि दहा सैनिक पाठवले. मिनिटभरात अहवाल आला. आपले दहा सैनिक ठार. शत्रूची हानी शून्य. असा पराभव झालेला कुठलाही सेनापती इतका खूश झाला नसेल. त्यांनी आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाची फ्रेम फुकट घट्ट करून दिली.

रोज नऊ वाजता दहा सैनिक. दिवसभर नवे दहा तयार करायचे, दुसऱ्या दिवशी मुलाच्या दारात मरायला पाठवायचे. दुसऱ्या आठवड्यात नाव झालं "आई वाट बघते". उंदीरगडाने तीन दिवस संरक्षक घुमट ओढून घेतला. घुमट असताना हल्ला होत नाही. चष्मेवाले थांबले आणि चौथ्या दिवशी घुमट उतरल्याबरोबर पुन्हा दहा सैनिक धाडले. तिसऱ्या आठवड्यात नाव होतं "घरी ये". त्या बुधवारी उंदीरगडातून हजारोंची फौज निघाली आणि चष्मेवाल्यांचा किल्ला, शेतं, लाकडाची वखार, सगळं बेचिराख करून गेली.

चष्मेवाले दुपारी धावतपळत घरी आले. "आला होता," त्यांनी बायकोला सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला काही नाही. सगळं जाळून गेला."

मोठी मुलगीही तिथेच होती. बाबा, आता पुरे करा, असं ती हात जोडून म्हणाली. पण चष्मेवाल्यांना वाटत होतं की निदान राग तरी उरलाय, आणि ज्याला राग येतो तो आपला असतो. त्यांनी राखेत पुन्हा बराकी बांधल्या. गुरुवारी दहा सैनिक निघाले. शुक्रवारीही निघाले.

शनिवारी ठिपका लागला नाही. रविवारी शेवटची हजेरी दोन दिवसांपूर्वीची दिसली. मग चार, मग सहा. आईने तास मोजणं सोडून दिलं. ती फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसू लागली आणि कोणी काही विचारलं तर मान हलवू लागली. मोठीने पुन्हा इस्पितळात वय विचारायला सुरुवात केली. चष्मेवाले रोज नऊ वाजता हल्ला करतच होते, कारण दुसरं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

नवव्या दिवशी दुकानात एक शिक्षिका डोळे तपासायला आल्या होत्या. त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून, काच बदलण्याआधी, चष्मेवाल्यांनी सवयीने अभिप्रायांचं पान उघडलं. सगळ्यात वरचा अभिप्राय नऊ दिवसांपूर्वीचा होता. बऱ्याच लोकांनी तो उपयुक्त म्हणून वर आणला होता. एक तारा.

"पाच वर्षं खेळलो. माझा किल्ला उंदीरगड, विचारा कोणालाही. खेळ चांगला होता. दिवसभर काम करून आलो की हीच एक जागा माझी होती. इथे कोणाला मी नापास वाटत नव्हतो. आता रोज सकाळी नऊला एक जण दहा सैनिक पाठवतो. घुमट लावला, उतरायची वाट बघतो. जाळून टाकला, परत येतो. निरोप बंद केले तेव्हाच कळायला हवं होतं की मला बोलायचं नाही. मला वेळ हवा होता. कंपनी काही करत नाही. खेळ काढून टाकतोय."

खाली कंपनीने सेनापतींना भरभराट चिंतली होती.

"पहिली काच बरी की दुसरी?" असं आता आपल्याला विचारतील म्हणून शिक्षिका थांबल्या होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावरची फ्रेम काढली, उद्या या म्हणाले, आणि शटर ओढून भर दुपारी घरी निघाले. रस्त्यात एका सायकलवाल्याने त्यांना कसंबसं चुकवलं आणि चार शब्दही सुनावले.

बायकोसमोर बसून त्यांनी अभिप्राय वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. 'मला वेळ हवा होता' इथे ते अडले, तर ती म्हणाली, पुढचं वाचा.

"तुम्हाला बोलल्याशिवाय राहवत नाही," वाचून झाल्यावर ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तेव्हाही राहवलं नाही. मी रोज त्याला बघत होते हो. बोलत नव्हता, पण होता."

माझी चूक, चष्मेवाले म्हणाले, आणि ते वाक्य, ज्याच्यासाठी एवढं केलं, ते त्या खोलीत अगदी कुचकामी वाटलं. मग त्यांनी फोन उचलला. खेळात जाऊन आपला किल्ला कायमचा नष्ट करायचं बटण शोधलं. खेळाने तीनदा विचारलं की नक्की का, आणि तीनदा ते हो म्हणाले. मग अभिप्रायांचं पान उघडलं. अभिप्राय लिहिणारा माणूस कधीतरी परत येऊन नंतर कोणी काय लिहिलं ते बघतो, एवढं त्यांना हजार अभिप्राय वाचून कळलं होतं. त्यांनी पाच तारे दिले आणि एका बोटाने लिहायला घेतलं. मध्ये मध्ये चष्मा पुसत होते.

लिहून झाल्यावर त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. "उंदीरगडाला त्रास देणारा किल्ला काढून टाकला आहे. बाबांनी माफी मागितली आहे. आई वाट बघते. खेळ चांगला आहे. उंदीरगडाने खेळत राहावं."

"आई काढा," ती म्हणाली.

त्यांनी काढलं.

"माफीपण काढा. पुन्हा त्याला वाटेल, आपण बोलावतोय."

चष्मेवाल्यांचं बोट अडलं. एवढं तरी राहू दे, असं ते म्हणाले, जवळजवळ हातापाया पडून म्हणाले. तिने नुसती मान हलवली. त्यांनी एकेक अक्षर खोडत माफी काढली, बाबा काढला, आणि उरलेल्या तीन ओळी पाठवून दिल्या. मग दोघं मोठीचा फोन मध्ये ठेवून बसले आणि उंदीरगडाकडे बघू लागले. शेवटची हजेरी: नऊ दिवसांपूर्वी.