माझी टिकटिक थांबली तेव्हा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या काचकपाटात पडून असलेली मी एक जुनी साखरपट्टी आहे. माझ्याखाली ‘जीव वाचवणारी’ अशी चिठ्ठी डकवली आहे. ती कोणी वाचू लागले की मला शरमेने तोंड लपवावेसे वाटते.

माझ्या बारीक सुया कातडीखाली जात आणि अंगातल्याच साखरेवर मी वीज तयार करी. बॅटरी नको, वायर नको. साखर वाढली की माझी टिकटिक जलद होई. उतरली की संथ. या स्वावलंबनाचा मला फार ताठा होता.

परंड्याच्या शरिफाबींच्या दंडावर मला चिकटवताना डॉक्टरांनी बजावले, "टिकटिक थांबली तर साखर फार उतरली असे समजा आणि लगेच साखर खा. घरातल्यांनाही सांगून ठेवा."

शरिफाबींनी घरी एवढेच सांगितले, "साखर मोजती. बाकी काही न्हाय." चाळीस वर्षे साऱ्या घराला सांभाळणाऱ्या बाईने, आता आपल्याला कोणी सांभाळावे, हे कसे कबूल करावे?

नात सानियाच्या मंगनीचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस उजाडला. जेवणाआधीचे इन्सुलिन शरिफाबींनी वेळेवर घेतले. पण पाहुणे उठल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. जेवणाचा एक दस्तरखान उठला, दुसरी पंगत बसली. माझी टिकटिक मंदावली आणि थांबली.

त्यांचे पती दादामियाँ हसले, "पाहुण्यांसमोर तुमची पट्टी बी लाजली व्हय?"

"शहाणी झाली," शरिफाबी म्हणाल्या.

मित्रांनो, ती शाबासकी मी मुकाट ऐकली. ओरडायला हवे होते, नेमके तेव्हाच माझ्या अंगात त्राण नव्हते. जिच्या साखरेवर मी जगत होते, तिच्याबरोबर मीही उपाशी होते.

शरिफाबींच्या हातातला डाव थरथरू लागला. कपाळ घामाने भिजले. सून तहरीमने त्यांचा दंड धरला.

"अम्मी, हिची टिकटिक कुठं गेली?"

"तू वाढ. पाहुणे खोळंबलेत."

"अम्मी, खरं सांगा."

शरिफाबींची नजर जमिनीकडे गेली. "थांबली की साखर द्यायची असती. कुणाला बोलू नगं."

तहरीमने सर्वांदेखत त्यांना दस्तरखानावरच बसवले आणि शरबताचा पेला ओठांना लावला. काही वेळाने मी पुन्हा बोलू लागले. "मशीननं वाचवलं बघा," पाहुणे म्हणाले, आणि तेच पुढे या चिठ्ठीवर आले.

वाचवले ते तहरीमच्या प्रश्नाने. शरिफाबी आता पहिल्या पंगतीला जेवतात, असे ऐकते.

मित्रांनो, घरात रोज बोलणारे कोणी एकाएकी गप्प झाले, तर त्याला शहाणे म्हणू नका. जवळ जाऊन विचारा. आणि जमले, तर माझ्याखालची ती चिठ्ठी तेवढी काढून टाका.