परशुरामांचा बांगडा आणि माझा उभा आरसा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलोय. आणि आधीच सांगून टाकतो, मी मोठा घमेंडखोर होतो. अजूनही थोडा आहे.

१९९९ साली किशोरीने मला जामसंड्याला आणलं. कणकवलीला सहा महिने कोर्स करून तिने रस्त्याकडेच्या गाळ्यात दुकान थाटलं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं अशी कामं मी करायचो. लोक मला बघायला यायचे आणि दारात चपला काढून आत शिरायचे. माझ्या अंगावर किशोरीच्या आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर असायचं. एवढे लाड झाल्यावर कोणाला घमेंड येणार नाही?

माझं सगळ्यात आवडतं काम आरशाचं. लेबलाच्या डाव्या बाजूला एक आंबा काढला की बटण दाबायचा अवकाश, उजव्या बाजूला त्याचा जुळा भाऊ हजर! पत्रिकेवरचे मोर असेच समोरासमोर उभे राहायचे. बघणारे तोंडात बोट घालायचे.

एक माणूस मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघत नसे. ते किशोरीचे वडील, परशुराम. देवगड बंदरातल्या होड्या त्यांनी चाळीस वर्षं रंगवल्या होत्या. होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, ते बांगडा काढायचे. दोन्ही अंगांना एकेक, आणि दोघांची तोंडं नाळेच्या काठाला भिडलेली. मासा साधाच, पण त्याच्या डोळ्यात अशी काही मिस्कील चमक असायची की लांबून बघून कोणीही म्हणायचं, हा परशुरामांच्या हातचा.

मग त्यांचा हात थरथरू लागला. वर्षभर त्यांनी ब्रश धरला नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसून ते रस्ता बघत राहायचे. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं, पण खरं सांगू? थोडं बरंही वाटायचं. आता जमाना माझा होता.

२००२ सालची गोष्ट. नारळी पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. बंदरावर मासे विकणाऱ्या राधाबाई दुकानात आल्या. वीस वर्षं टोपली डोक्यावर वाहून त्यांनी स्वतःची होडी बांधून घेतली होती आणि पौर्णिमेला ती पाण्यात उतरायची होती.

"परशुरामभाऊ, माका तुमचो बांगडो होयो," त्या म्हणाल्या. "नायतर माजी होडी तशीच उघड्या नाकान जायत."

परशुरामांनी आपला हात पुढे केला. "हो हात आता ऐकणा नाय गो," ते म्हणाले.

किशोरी पुढे झाली. "बाबा, तुमचा बांगड्याचा जुना कागद आहे ना? मी तो मासा कॉम्प्युटरवर काढते. रेडियमच्या चकाकत्या स्टिकरमध्ये कापून होडीवर चिकटवू."

परशुराम म्हणाले, "काड. पण माजो मासो बिघाडलो, तर परत कोणाच्या होडयेवर काडू नको. थंयच संपलो म्हणान समज."

किशोरीने जुना कागद शेजारी ठेवला आणि माऊसने ठिपक्याला ठिपका जोडत दिवसभरात तो बांगडा माझ्यात उतरवला. डोळा तर तिने अकरा वेळा पुसला. तिरकी नाळ तिने एका रेषेने दाखवली आणि माशाचं तोंड त्या रेषेला टेकवलं. दोन वेगळे तुकडे लावले तर नाळेवरच्या जोडात लाटांचं पाणी शिरून रेडियम सुटतं, म्हणून दोन्ही मासे एकाच तुकड्यावर हवे होते, मधोमध दुमडून नाळेवर घालायला.

दुसरा मासा काढायला तिने माझं आरशाचं बटण दाबलं. मी झटक्यात मासा समोर उभा केला. दोघे नाकासमोर नाक, दोघे आडवे, एकदम सरळ. किशोरी खूश झाली. मी तर हवेतच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी राधाबाई तणतणत आल्या. हातात होडीवरून उपटलेलं, चुरगळलेलं रेडियम होतं आणि मागोमाग चेहरा पडलेली किशोरी.

"बघा तुमच्या चेडवान काय केल्यान! ह्या अंगाचो बांगडो बरो आसा. त्या अंगाचो नाक खुपसून तळाक जाता! असो मासो लावन मी होडी पाण्यात घालू?"

वीस वर्षांच्या कष्टाची होडी, आणि तिच्या नाकावर बुडणारा मासा. आमच्या किनाऱ्यावर कोण असली होडी समुद्रात नेईल?

किशोरीला रडू आवरेना. मला काहीच कळेना. माझ्या काचेवर तर दोन्ही मासे सरळ होते!

परशुराम खुर्चीतून उठले. त्यांनी रेडियम टेबलावर पसरलं आणि नाळेच्या तिरक्या रेषेवर दुमडून उजेडात धरलं. एक मासा आडवा, दुसरा त्याच्यावरून खाली घसरलेला. ते माझ्यासमोर आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच! लाकडी पट्टी त्यांनी माझ्या काचेवर तिरकी टेकवली.

"आरसो हयसर धर, चेडवा. नाळ खंय उभी आसता? ती तिरकीच आसता."

मित्रांनो, माझ्याकडे दोनच आरसे होते, एक उभा आणि एक आडवा. तिरका आरसा मला ठाऊकच नव्हता. इतका शहाणा मी, आणि एवढंसं येत नव्हतं! मला फार लाज वाटली.

किशोरीने डोळे पुसले. तिने आपल्या शाळेतला कोनमापक शोधून काढला आणि पट्टीचा कोन मोजला. नाळ उभ्या रेषेपासून तीस अंश कलली होती. तिने मासा आणि नाळेची रेषा एकत्र बांधून तीस अंश फिरवली. नाळ उभी झाली. मग माझा उभा आरसा लावला. आणि शेवटी सगळं मिळून तीस अंश मागे फिरवलं.

काचेवर जे दिसलं ते बघून मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा घोटाळा! पहिला मासा आडवा होता, पण दुसरा शेपटी खाली आणि तोंड वर करून जवळजवळ उभा राहिला होता. किशोरीलाही धीर होईना.

"कागदार काड आणि दुमड," परशुराम म्हणाले.

तिने कागदावर छापलं, दुमडलं आणि दारातल्या उन्हात धरलं. माशावर मासा बसला. डोळ्यावर डोळा आणि शेपटीवर शेपटी. राधाबाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परशुरामांच्या पाया पडल्या.

"माका नको, हिका शाबासकी दी," परशुराम किशोरीकडे बोट दाखवत म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्यावरची धूळ आपल्या टॉवेलने पुसली. मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं कौतुक.

पौर्णिमेला होडी पाण्यात उतरली. त्यानंतरची पाच वर्षं सोन्याची होती. बंदरातल्या कितीतरी नाळांवर तो बांगडा माझ्यातून गेला. परशुराम माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि प्रत्येक होडीची नाळ स्वतः मोजून आणायचे. २००७ साली ते गेले. पुढच्या वर्षी किशोरीने नवा, चपट्या काचेचा कॉम्प्युटर घेतला आणि मला फळीखाली ढकललं. कव्हरसुद्धा त्याला गेलं. मी रुसलो, पण रुसलेल्या कॉम्प्युटरची समजूत कोण काढणार?

२०१० साली राधाबाई पुन्हा आल्या, आता काठी टेकत. होडीवरच्या रेडियमचा रंग उडाला होता. "माका तोच मासो होयो," त्या म्हणाल्या.

किशोरी शोधू लागली. वडिलांचा कागद वाळवीने खाल्ला होता. मासा साठवलेल्या फ्लॉपीला बुरशी आली होती. तो बांगडा आता फक्त माझ्या पोटात होता. तिने मला ओढून बाहेर काढलं, फुंकर मारली, वायर जोडली. मी घरघरलो, अडखळलो आणि तिसऱ्या खेपेला उघडलो. मासा काचेवर आला. पण माझ्यातून बाहेर काढायला एकही वाट चालू नव्हती. मग तिने पातळ कागद माझ्या काचेवर धरला आणि पेन्सिलीने गिरवायला लागली. डोळा झाला. कल्ला झाला. पाठीवरचे पट्टे झाले. मी जीव खाऊन उजेड धरून ठेवला होता. ती शेपटीशी आली आणि माझी काच काळी पडली. ती पुन्हा उजळली नाही.

मग किशोरीने शेपटी आपल्या मनाने काढली.

राधाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "शेपटी जरा येगळी दिसता गो."

"ती माझी आहे," किशोरी म्हणाली.

राधाबाई हसल्या. "मगे ऱ्हवांदे."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र फळीखाली पडलं असेल. त्याला डोक्यावर घेऊन नाचू नका. पण त्याच्या पोटात कोणाच्या हातचं काय आहे, ते एकदा बघा आणि वेळेवर काढून घ्या. शेपटी होईपर्यंत मी टिकायला हवं होतं. मी टिकलो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.