साठ दातांचा देव

मंगलच्या सासऱ्यांनी, त्रिंबकमामांनी, मागे ठेवलेला लेथ तिच्या सासूपेक्षाही म्हातारा. त्याचं साठ दातांचं एक चाक फार पूर्वी गेलेलं. त्या जागी मामांनी बाभळीचं चाक कोरून बसवलं आणि हयातभर रेटलं. यंदा पोळ्याला तेही फुटलं. चाकाशिवाय बोल्टाला आटे पडेनात, आणि मामांच्या हाताखाली लेथ शिकलेली मंगल हात चोळत बसली.

नवरा अजिनाथ म्हणाला, "कोजागिरीपस्तोर चाक गवसलं तर ठीक, न्हाईतर लेथ भंगारात."

मंगलने आष्टी पालथी घातली, बीड पालथं घातलं. भंगाराच्या ढिगाऱ्यात बसून, खडूची खूण करून दात मोजायचे. कुठे अठ्ठावन्न, कुठे बासष्ट. एकदा साठ भरले तर मधलं भोकच मोठं.

भंगारवाला वैतागला, "मावशी, चाक धुंडताय का जावई?"

"जावयाचे दात कोण मोजतंय, बाबा!"

कोजागिरीच्या आदल्या सकाळी शेजारची केशरबाई आली. ऊसतोडीला निघायची घाई. दरसाल देवांपाशी तिची सासू राहायची, ती वैशाखात वारली.

"देव तुज्यापाशी ठेवते. रोज दिवा लाव गं."

त्यात ताटलीएवढा एक शेंदराचा गोल होता. मंगलने तो उचलला आणि वजनाने हात खाली गेला. कडेचा टवका उडाला. खाली दात!

"केशरबाई, ह्यो देव आला कुठून?"

"तुज्याच मामांकडून की! खंडेनवमीला मशीनपुढं पुजला होता. माज्या सासूला वाटलं परसादच हाय, घातला पदरात. मामा नुसते बघत राह्यले म्हणं."

मंगलला हसू आवरेना. शेंदूर लागलेलं चाक मामा परत मागणार कुठल्या तोंडानं? त्यापेक्षा बाभूळ कोरणं सोपं. मग हसू विरलं. आता तिनं तरी कसं मागावं? ती नखाने दात मोजत राहिली. साठ.

केशरबाईने उघड्या लेथकडे पाहिलं, मग मंगलच्या तोंडाकडे.

"त्येचंच हाय व्हय? मग ह्यो कशाला बसून राह्यलाय? आमी सहा महिने कोयता हाणायचा, अन् ह्येनं दिवा बघत बसायचं? लाव कामाला! पर आधी नारळ फोड."

डिझेलने शेंदराचे थर निघाले. चाक असं बसलं, जणू कालच काढलं होतं. पहिला बोल्ट केशरबाईच्याच बैलगाडीला लागला.

गाडी हलताना ती ओरडली, "गुढीपाडव्याला आलो की महिनाभर सुट्टी दे त्येला! माज्या देव्हाऱ्यात बसू दे."

लेथला तेल घालणारा अजिनाथ दचकला. "अन् त्या महिन्यात आटे कसे पाडायचे?"

"बाभूळ हाय की, कोरीन मी," मंगल म्हणाली.